चार रंगांतल्या अक्का

धुळ्याच्या बसस्टँडबाहेर शेवभाजीची एक गाडी लागते. ती चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. गाडीमागे त्यांच्याच फोटोचा केवढा तरी मोठा फ्लेक्स आहे. काळा गॉगल, कमरेवर हात, वर उचललेली हनुवटी. आणि तोच फोटो चार वेळा: गुलाबी, निळा, पिवळा, हिरवा.

"अक्का, चार कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

रश्श्यात शेव सोडत त्या म्हणाल्या, "एकच साडी चार रंगमा येस ना भाऊ? मंग मी का नही?"

मी रश्श्यात भाकरी चुरली. एरवी फ्लेक्सवर पुढारी हात जोडतात, नाहीतर नट्या साबण धरून हसतात. ही बाई कुणाला न विचारता त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

परवा शिरपूरच्या बसची वाट बघणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली तिथे सेल्फी काढायला आल्या. फोटोतल्या गॉगलमुळे त्यांनी अक्कांना ओळखलंच नाही.

"काकू, जरा बाजूला होता का? फोटो झाकला जातोय."

मला रागच आला. जिचा फोटो, तिलाच बाजूला करता? अक्का मात्र हसत सरकल्या. "काढ माय, काढ. मी काय, रोजनी शे. ती हिरोईन शे."

मुली ओठांचा चंबू करण्यात गुंग होत्या. इकडे कडेला अक्कांनी पळी खाली ठेवली, हात कमरेवर घेतला आणि हनुवटी हळूच वर उचलली.

गॉगल तेवढा नव्हता.