उत्तरं पाठ केलेला अंतराळवीर

त्या तपासाचा विषय निघाला की बायको म्हणते, "तो नको, दुसरं काही सांगा." पण निवृत्तीनंतर लिहायला बसलो, तेव्हा खून-दरोडे मागे राहिले आणि हेच प्रकरण आधी समोर आलं.

नावं कोणाचीच देणार नाही. चेन्नईत गिंडीच्या कारखानदारी भागातल्या ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. हरवलेले मोबाइल, पार्किंगवरून मारामाऱ्या, कोणा वजनदार माणसाचे फोन, यांतच दिवस संपायचा. निवृत्ती जवळ आली होती आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो.

जवळच्याच एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये टीव्हीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू होतं. आत अख्खं अंतराळयान उभं केलं होतं. भविष्यकाळातलं हे यान वाट चुकलेलं; कोडं सुटलं तरच पुढचं दार उघडणार. कोडी घालायचा यानाचा संगणक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेला एक घोगरा आवाज. सोडवणारे सगळे नामवंत: नट, गायिका, माजी खेळाडू. त्यांत एक वयस्कर चरित्र अभिनेते होते. तमिळ सिनेमात त्यांनी इतक्या जणांचे बाप रंगवले होते की रस्त्यात लोक त्यांना 'अप्पा' म्हणूनच हाक मारत.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "कोडी तयार करणारी मुलगी म्हाताऱ्या नटाच्या घरी सारखी जाते. उत्तरं फुटलीत." दुपारी निर्माता स्वतः लेखी तक्रार घेऊन आला. मुलीनं गोपनीयतेचा करार केला होता. तिनं उत्तरं विकली, असं त्याचं म्हणणं. त्याला लगेच अटक हवी होती. मी तक्रारीची पोच दिली आणि आधी चौकशी करतो म्हणून सांगितलं.

मुलगी महाराष्ट्रातली निघाली. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलेली, ती सोडून या कार्यक्रमात रमलेली. महिला हेड कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी दिवसाउजेडी चौकशी सुरू केली. आमचं घराणं तंजावरचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. मी मराठीत बोलायला लागल्यावर ती चमकली.

"सर, तुमची मराठी माझ्या पणजीसारखी आहे."

"मग पणजीला सांगतेस तसं सांग. उत्तरं तू दिलीस?"

"दिली."

"कशाच्या बदल्यात?"

"कशाच्याच नाही."

"मग का?"

यापुढे ती बोलेना. कॉफी मागवली, ती तशीच गार झाली. "काय कलम लावायचं ते लावा सर, पण हे विचारू नका," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. नोकरीत मी रडणारे आरोपी पाहिले, उर्मट पाहिले, खोटं बोलून घामाघूम झालेले पाहिले. ही तशी नव्हती. गुन्हा कबूल करून कारण लपवणारं माणूस क्वचित भेटतं, आणि ते बहुतेक दुसऱ्या कोणाला तरी सांभाळत असतं.

तिच्या खात्यात, फोनमध्ये संशयास्पद काही सापडलं नाही. मग मी चित्रीकरण मागवलं आणि ठाण्यात बसून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खटकली. ते अभिनेते कोड्याकडे बघतच नव्हते. त्यांचा कान संगणकाच्या आवाजाकडे होता. आवाजाचं वाक्य संपलं की ते लगेच उत्तर म्हणायचे, नाटकात समोरच्याचं वाक्य पडल्यावर आपलं वाक्य घ्यावं तसे. एके ठिकाणी आवाजाची वाक्यं चुकून उलटसुलट लागली होती, तर त्यांनी समोर पहिलं दार असताना दुसऱ्या दाराचं उत्तर ठणठणीत आवाजात म्हटलं. सगळे हसले. तेही हसले, पण डोळे घाबरलेले होते.

माणूस फसवत नव्हता. तो नाटकातल्यासारखी आपली वाक्यं पाठ करून आला होता.

साध्या कपड्यांत मी त्यांच्या घरी, तिरुवल्लिकेणीला गेलो. दार त्यांनीच उघडलं, प्रेमानं बसवलं. "काफी घेणार ना?" मी हो म्हणालो. जरा वेळानं पुन्हा, "काफी घेणार ना?" कप माझ्या हातात असताना तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या पत्नीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मला आत नेऊन पत्नीनं सांगितलं. विसरण्याचा आजार वाढत होता. कार्यक्रमाचा करार आधीच झालेला. माघार घ्यावी तर कारण सांगावं लागणार. खेळ समजावून द्यायला ही मुलगी घरी आली आणि पहिल्या साध्या कोड्यालाच तिच्या सगळं लक्षात आलं. "मीच तिचे हात धरले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, लोकांसमोर त्यांची अशी शोभा होऊ देऊ नकोस. ती उत्तरं सांगायची, मी रोज त्यांच्याकडून घोटून घ्यायची. संवाद त्यांना अजून पाठ होतात."

मी बाहेर येऊन अभिनेत्यांसमोर बसलो. "अप्पा, त्या मुलीवर विश्वासघाताचा गुन्हा दाखल होईल. तिनं तुमचं काही सांगितलेलं नाही."

"कुठली मुलगी?"

पत्नीनं हळूहळू सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. त्या रडत म्हणाल्या, "सार, हे कागदावर आणू नका. उद्या सगळीकडे बोभाटा होईल."

त्यांनी पत्नीकडे पाहिलं. मग ताठ बसून म्हणाले, "लिहून घ्या. आत्ताच घ्या. उद्या मला आठवेल याची खात्री नाही."

मी दोघांचे जबाब घेतले. सही करताना ते क्षणभर अडले. पत्नीनं कानाशी त्यांचं नाव सांगितलं.

डॉक्टरांचे कागद जोडले गेल्यावर निर्मात्यानं तक्रार मागे घेतली. दयेपोटी नव्हे. दुसऱ्याच आठवड्यात अप्पांच्या आजारावर खास भाग करायची परवानगी मागायला त्याची माणसं त्यांच्या दारात उभी होती. पत्नीनं दार लावून घेतलं. तरी बातमी फुटलीच. मुलीवर गुन्हा नोंदला गेला नाही, पण काम गेलं. जाताना ठाण्यात येऊन ती मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्याकडे जायला नको होतं, सर." आजही मला वाटतं की जायलाच हवं होतं, आणि आजही तिचा राग मला खोटा वाटत नाही.

कुठल्याही गुन्ह्यात फायदा कोणाचा, हे आधी शोध, असं मला शिकवलं होतं आणि मीही पुढच्यांना तेच शिकवलं. या प्रकरणात फायदा कोणाचाच नव्हता. होती ती लाज, आणि दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेणारी एक परकी मुलगी. तपास बरोबर झाला, निरपराध माणूस सुटलं, तरी घरी जाताना पाय जड असू शकतात, हे मी तेव्हा शिकलो.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून अप्पांकडे जायचो. ते ओळखत नसत. "आपण कोण?" विचारायचे. पोलिसातला, म्हटलं की विचारायचे, "काय झालं?" मग मी सगळी हकीकत सांगायचो, नावं वगळून, दुसऱ्याच कोणाची सांगावी तशी. ते मन लावून ऐकायचे. दर वेळी शेवटी एकच विचारायचे.

"ती मुलगी सुटली ना?"

"सुटली, अप्पा."

"मग त्या म्हाताऱ्यानं बरं केलं," ते म्हणायचे.