तड्यावर ओढलेली शीर

बायकोला सांगितलं नाही, धंद्यातल्या भागीदाराला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

घाटकोपरला मी जुने ओटे नवे करून द्यायचो. रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले होते, तसा स्वयंपाकघरात संगमरवरही हवासा झाला होता. ज्यांना परवडत नसे त्यांच्या काळ्या कडप्प्यावर मी पांढरा ऑइलपेंट मारायचो, आणि रंग ओला असताना कोंबडीच्या पिसाने राखाडी शिरा ओढायचो. वर वार्निश. भलेभले हात फिरवून फसायचे. शाळा नाही, बापाचा पैसा नाही — हा हात मी स्वतः कमावला होता.

परबकाकूंच्या ओट्याला शेगडीखाली आरपार तडा होता. खालून लोखंडी पट्टी देतो, म्हणालो. ठरलं. अर्धं काम झाल्यावर काकू चाळीच्या गॅलरीत, शेजारणींसमोर, ठरलेला भाव पाडायला लागल्या. "रंगारी तू मेल्या, गवंड्याचो भाव कसलो सांगतंस?" बायका हसल्या. घासाघिशीत मला कोणी हरवलं नव्हतं. त्यांनी हरवलं. तो राग — खोटं कशाला बोलू? — अजून आहे.

पट्टी मी बसवलीच नाही. तड्यात लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरली आणि त्याच्यावरूनच सगळ्यात जाड, सगळ्यात देखणी शीर ओढली.

रंग वाळल्यावर त्यांच्या नव्या सुनेने, सुलभाने, त्या शिरेवरून बोट फिरवलं. "भाऊ, हे बोटाला लागतंय. तडा आहे ना?"

"वहिनी, खऱ्या दगडाची शीर अशीच लागते."

तेव्हा तरी थांबता आलं नसतं का? आलं असतं.

पुढे त्यांच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा निघाला. त्या सकाळी शेगडीवर भाताचा मोठा टोप उकळत होता. ओटा मोडला. सुलभा समोरच उभी होती — कमरेपासून खाली भाजली.

काकूंनी मला बोलावून घेतलं. मी रागाच्या भरात बोललो नाही, हे लक्षात ठेवा. नीट विचार केला, आणि म्हणालो, "कोणीतरी ओट्यावर नारळ फोडला असणार. बजावलं होतं मी." शुभकार्याच्या घरी नारळ फुटतातच. लगेच पटलं.

पडद्याआडून सुलभाचा आवाज आला, "मी नाही हो फोडला."

"मग काय मिया फोडलंय?" काकू ओरडल्या.

मी टेप काढून नव्या ओट्याचं माप घ्यायला लागलो.

जखमा सुकायला म्हणून तिला माहेरी चिपळूणला पाठवली. परत आणली नाही. साखरपुड्याच्या दिवशी चूल मोडणारी सून, असं चाळीत बोलायचे. तेही मी ऐकलं, आणि चहा पीत राहिलो.

नवा ओटा मीच बसवला, अस्सल दगडाचा. या वेळी काकूंनी भाव पाडला नाही. जुने तुकडे उचलताना पाहिलं — तिने बोट फिरवलं होतं, बरोबर तिथेच तो मोडला होता.