अब्बांची वाढलेली दाढी

वाचकांच्या विलक्षण अनुभवांचं हे सदर माझी बायको वाचते. मी तिची थट्टा करायचो. चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, दिवसभर हातात मापं घ्यायचा व्हर्नियर... जे मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. जुम्म्याची नमाज पढतो, रमजानचे रोजे ठेवतो. पण जिन, साया, स्वप्नात कोण आलं, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही. फक्त जे झालं ते लिहितोय.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. अब्बा उर्दू शाळेत ड्रॉइंग टीचर होते, आता रिटायर. एकदम टापटीप माणूस. आयुष्यात त्यांनी दाढी ठेवली नाही. मोहल्ल्यातलं कुणी टोकलं तर म्हणायचे, "खडूची धूळ बसते त्यात."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफीसाठी एका खाजगी हॉस्पिटलात ठेवलं. हाताला सलाईन होतं, म्हणून त्या सकाळी त्यांची दाढी मीच केली. अगदी गुळगुळीत. हनुवटीवर जरासं कापलं, तिथं कापूस दाबून धरला. मग मोबाईलवर फोटो काढून विजापूरला शबानाला, म्हणजे माझ्या बहिणीला पाठवला. ती तिकडं काळजी करत बसली होती.

दुपारी अब्बांचं हृदय बंद पडलं. मशीन वाजायला लागलं, मला बाहेर काढलं. काचेतून डॉक्टर त्यांची छाती दाबताना दिसत होते. माझ्या हातात डब्याची पिशवी होती, ती मी खालीसुद्धा ठेवली नाही. नुसता उभा. काही मिनिटांचाच खेळ... मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आले परत. पल्स मिळाली." मला आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी आत सोडलं. अब्बा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क — आणि मास्कच्या बाहेर, दोन्ही गालांवर, पांढरी दाढी. बोटाच्या पेराएवढी लांब. नखंही वाढलेली.

वॉर्डातल्या मावशी चादर बदलत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, सकाळी तुमीच दाढी केल्ती की ह्यांची? मीच तर गरम पाणी दिलं."

"हो."

"मग हे काय वो?"

मी मोबाईल काढून त्यांचा आणखी एक फोटो घेतला.

राउंडला डॉक्टर आले, त्यांना सकाळचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, अब्बांकडे बघितलं, परत फोटो. "जुना असेल हो."

"आजचाच आहे सर. तारीख बघा."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "पेशंट वाचलाय. तिकडं लक्ष देऊ या आपण."

बरोबरच होतं त्यांचं.

मास्क निघाल्यावर अब्बांनी पहिलं काय विचारलं, तर — "कित्ते बरस हुए रे?" घरात आम्ही दखनी बोलतो. पुढचं मराठीतच लिहितो.

"वर्षं नाही अब्बा, काही मिनिटंच..."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं असावं.

घरी आणल्यावर थोडं थोडं बोलले. शबाना आली होती, तीच विचारायची. सपाट मैदान होतं म्हणाले. झाड नाही, सावली नाही. माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. आपला पुकारा कधी होतो याची वाट बघत उभी.

"आग दिसली? फरिश्ते?"

"काही नाही. नुसतं उभं राहायचं. आपला हिशेब कसा होईल, एवढंच डोक्यात. आधी पाय दुखायचे, मग तेही थांबलं. इथलं आयुष्य आठवायला जावं तर सगळं मिळून एका दुपारएवढं वाटायचं. तुमची नावं आठवायलाच कितीतरी काळ गेला."

"मग पुकारा झाला?"

"नाही. त्याआधीच इथं होतो." मग म्हणाले, "तुमची अम्मी दिसली."

अम्मी लॉकडाऊनमध्ये गेली. हॉस्पिटलातून परस्पर कब्रस्तानात. अब्बांना तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं.

"अगदी जवळून गेली. मी हाक मारली. तिनं बघितलं माझ्याकडे, आणि पुढं गेली. रागानं नाही... मी कोण, याचं तिला काही वाटतच नव्हतं."

शबाना उठून स्वयंपाकघरात गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. अब्बा तसेच बसून होते. मला म्हणाले, "खरं सांगू? मलाही वाईट वाटलं नाही. तिथं वाटतच नाही."

मी आमच्या मशिदीतल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही फोटो बघितले.

"कयामतच्या दिवशी माणूस आईबापापासून, बायको-मुलांपासून पळेल, हे आपण लहानपणापासून ऐकतो," ते म्हणाले. "तुमच्या अब्बांनीही ऐकलंय. बेशुद्धीत तेच दिसलं असेल."

"आणि दाढी?"

त्यांनी हातातल्या तसबीहचे, जपमाळेचे, दोन मणी पुढं सरकवले. "ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोलणारही नाही. गैबचं इल्म, जे दिसत नाही त्याचं ज्ञान, फक्त अल्लाहला. तुम्ही फोटो दाखवत फिरू नका. अब्बांजवळ बसत जा."

तेव्हापासून कामावरून आलो की बसतो. बोलणं फारसं होत नाही. असरची, म्हणजे संध्याकाळच्या आधीची नमाज झाल्यावर एकदा अब्बा अचानक म्हणाले, "हलू नकोस."

मला वाटलं, शर्टावर काही आहे. पण ते माझं तोंड बघत होते. कपाळ, कान, हनुवटी... सावकाश, एकेक.

"काय बघताय अब्बा?"

"तिथं तू भेटलास तर मी ओळख दाखवणार नाही. दाखवता येतच नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग म्हणाले, "म्हणून आत्ता बघून घेतो."

मीही त्यांच्याकडे बघत बसलो. त्यांच्या डाव्या भुवईखाली एक बारीक तीळ आहे. एवढ्या वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता.

दाढी कशी वाढली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायचंही मी आता सोडलंय.