स्पिनचं बटण आणि आत्या

धाकट्या भावानं पुण्याहून कपडे धुवायचं मशीन पाठवलं, तेव्हा आईनं आधी मशीनला हळदकुंकू लावलं. मी मात्र एका बटणावरच्या शब्दापाशीच अडकले होते. स्पिन. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला ही खोडच लागते, शब्द दिसला की त्याचं मूळ उकरायचं. मला ती जरा जास्तच आहे.

आईनं विचारलं, म्हणजे काय. पिळून काढतं, असं मी सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तर मी मास्तरीण कसली. म्हटलं, आई, हा शब्द मुळात कातण्याचा. कापसाचा नाहीतर लोकरीचा पुंजका बोटांनी ओढायचा, पीळ द्यायचा आणि दोरा काढायचा, एवढंच त्याचं काम. गरगर फिरणं त्यात नव्हतंच. पण कातताना चाक फिरतं, आणि बघणाऱ्यांना दोऱ्यापेक्षा फिरणंच जास्त दिसलं. मग काही शतकांनी जे जे फिरेल ते सगळं स्पिन झालं. भोवरा आला, चेंडू आला, गाडी काढून उगाच एक चक्कर मारून येणंही आलं. हल्ली तर पुढाऱ्यांच्या घोटाळ्याला गोंडस रूप देऊन सांगण्यालाही स्पिनच म्हणतात. कोळ्याचं इंग्रजी नावसुद्धा त्याच मुळातून आलंय, कारण बिचारा जन्मभर सूत काढतो.

आई म्हणाली, ते राहू दे, दाबायचं कधी ते सांग.

खरं तर सोलापुरात हा शब्द शिकवावा लागत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा अमका स्पिनिंगला आहे, तमका वीव्हिंगला आहे, असंच लोक एकमेकांची ओळख करून द्यायचे. आमची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, स्पिनिंगच्या ऑफिसात कारकून होती. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला ती दर वेळी नवं कारण सांगायची, आणि प्रत्येक कारण ऐकणाऱ्यावरच उलटायचं.

एकदा मी तिला सांगितलं होतं, की लग्न न झालेल्या बाईला इंग्रजीत स्पिनस्टर म्हणत, आणि त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी. कातून स्वतःचं पोट भरणाऱ्या बाया बऱ्याचदा बिनलग्नाच्या असत, म्हणून पुढे सरकारी कागदांवर बिनलग्नाच्या बाईच्या नावापुढे तोच शब्द लिहायला लागले. नाकं मुरडणं त्यानंतरचं. आत्या खूश झाली. म्हणाली, ‘मंजे मी दोन्हीकडनं स्पिनस्टर हाय की.’ मग महिनाभर भेटेल त्याला तिनं हे ऐकवलं.

आमच्या जुळे सोलापूर भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ असते, आणि त्याच दिवशी चादरी धुवायच्या. सोलापुरी चादर भिजली की तिचं ओझं काय होतं हे ज्यानं उचललंय त्यालाच माहीत. ती एकट्यानं पिळता येत नाही. म्हणून पाण्याच्या दिवशी आत्या गिरणीजवळच्या आपल्या दोन खोल्यांतून रिक्षानं यायची. आई आणि ती गच्चीवर समोरासमोर उभ्या राहायच्या आणि चादरीबरोबर एकमेकींनाही पिळून काढायच्या. आत्याच्या मते आईला आमटी कधी जमली नाही. आईच्या मते आत्याला घर कधी आवरता आलं नाही. चादर वाळत पडली की दोघी शेजारी बसून तीच आमटी ओरपायच्या.

मशीनमध्ये पहिल्यांदा चादर टाकली आणि स्पिन दाबलं, तेव्हा ते थरथरत मोरीतून निघालं आणि नळी ओढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. आई खुर्चीवर चढून बसली. पण दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं त्याचे पाय सारखे करून दिले, आणि चादर निमूटपणे पिळून निघायला लागली. मी ही आनंदाची बातमी लगेच आत्याला फोनवर कळवली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आत्या आली नाही. फोन केला तर हसत म्हणाली, ‘आता मशीन हाय की. माझं काय काम तितं?’ त्याच्या पुढच्या वेळीही आली नाही.

सासर असेल तर माहेर. आत्याला सासर नव्हतं, त्यामुळे आमच्या घराला काय म्हणायचं हे तिचं तिलाच ठाऊक नसावं. बाबा होते तोवर भावाचं घर होतं. ते गेल्यावर ती काम असेल तेव्हाच यायची, आणि ते काम आम्ही मोठ्या हौसेनं मशीनला देऊन टाकलं होतं. मला वाईट वाटलं, आणि आत्याचा रागही आला. बोलावणं कसलं हवं हिला?

आई मात्र मशीनवर डाफरायला लागली. चादर ओलीच राहते म्हणाली आणि मला गच्चीवर नेऊन दुसरं टोक हातात दिलं. ती उजवीकडे पिळतेय, म्हणजे मी उलटं, डावीकडे पिळायला हवं, असा मी हिशेब केला. चादर आमच्यामध्ये नुसती गोल गोल फिरत राहिली, थेंब पडेना. समोरासमोर उभं राहून दोघींनीही आपापल्या उजव्या हाताला पिळायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आई म्हणाली, ‘वन्सं असत्या तर...’ आणि टोक सोडून खाली निघून गेली. मागोमाग गेले तर ती चप्पल घालत होती.

रिक्षात आमचं ठरलं, की मशीन बिघडलंय असं सांगायचं. आईनं ते वाक्य इतक्या वेळा म्हणून पाहिलं, की रिक्षावाल्यानं मागे वळून कंपनी कुठली ते विचारलं आणि ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर देऊ केला. त्याला थांबायला सांगून आम्ही जिना चढलो.

आत्यानं दार उघडलं. ‘काय वहिनी, बिघडलं वाटतं मशीन?’ तिचा चेहरा असा उजळला होता की आईनं नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

‘न्हाई,’ आई म्हणाली. ‘चांगलं चाललंय.’

‘मग काम काय काढलं?’

‘काम काय न्हाई. जेवायला चला. तुमी आमटीला नावं ठेवल्याबिगर मला घास जात न्हाई.’

आत्या उगीच दाराची कडी चाचपत राहिली. मग साडी बदलून येते म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडे येताना ती नेहमी विटकी साडी नेसायची, पिळताना भिजते म्हणून. त्या दिवशी बाहेर आली ती ठेवणीतली इरकल साडी नेसून, केसांची तेल-फणी करून. रिक्षात बसताना आईला राहवलं नाही. एवढं नटून कुठं निघालात, असं तिनं विचारलंच.

‘माहेरी,’ आत्या म्हणाली, आणि रिक्षावाल्याला आमचा पत्ता सांगायला लागली.