जेवलात का? होय / नाही

मी आता पत्रकं लिहितो. लातूरच्या बसस्टँडवर, नांदेडच्या मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात, जिथं कंपन्यांची फिरती माणसं चहाला थांबतात तिथं वाटतो. त्यांत निषेध असतो, मागण्या असतात. पण ज्या गोष्टीमुळं मी या कामात पडलो ती कुठल्याच पत्रकात बसली नाही, म्हणून इथं लिहितोय.

तेव्हा मी नांदेडला एका बियाणं कंपनीत नवा होतो. आमच्यातल्या एका जुन्या माणसाला मी काका म्हणायचो. धर्माबादची बाजू फिरतीला त्यांच्याकडं होती. तिथले एक दुकानदार, खतं-बियाणं विकणारे शेठ, त्यांचे दोस्त. काका गेले की दोघं मिरची बाजाराजवळच्या खानावळीत बसायचे. बिल काका भरायचे, त्याच्या मागं कोण जेवलं ते पेनानं लिहायचे आणि पैसे कंपनीकडून घ्यायचे. पुढच्या खेपेला जेवण शेठच्या घरी. त्याचं बिल नसायचं. शेठच्या मुलीच्या लग्नात काकांनी पंगतीत भात वाढला होता.

मग कंपनीनं अ‍ॅप आणलं. बिलाचा फोटो काढा, सोबत जेवलेल्याचा नंबर टाका, बाकी सगळं आपोआप. लातूरच्या बैठकीत साहेब म्हणाले, आता तुमचा लिहायचा त्रास गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपोआप म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही. आपोआप म्हणजे हे, की जेवलेल्याच्या फोनवर मेसेज जाणार. वर काकांचं नाव. खाली, ‘यांनी आपल्याला जेवण दिल्याची नोंद केली आहे. आपण उपस्थित होता का? होय / नाही.’

दारात आलेल्याला आमच्याकडं जेवलात का विचारतात ते ताट वाढायसाठी. जेवून गेलेल्याला तेच विचारणं म्हणजे खाल्लेलं काढणं. हे ज्यानं अ‍ॅप बनवलं त्याला ठाऊक नसेल. ज्यांनी विकत घेतलं त्यांना ठाऊक असायला पाहिजे होतं, ती तर इथलीच माणसं होती.

काकांनी पुढच्या जेवणाचं बिल अ‍ॅपवर टाकलं. शेठला मेसेज आला तेव्हा पेरणीचे दिवस होते, दुकानात गर्दी. शेठला चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी फोन एका गिऱ्हाइकाकडं दिला. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “शेठ, कंपनी इचारायली, फुकट जेवलाव का म्हणून.” सगळं दुकान हसलं. शेठनी फोन परत घेतला आणि ‘नाही’ दाबलं.

त्या एका ‘नाही’नं काकांच्या नावापुढं लाल खूण आली. बनावट उपस्थिती. तीही आपोआप. मागची सगळी बिलं अडकली, चौकशीची नोटीस निघाली. निवृत्तीला टेकलेला माणूस चोर ठरला आणि ठरवणारा माणूस कुठं दिसेना. साहेब म्हणाले, माझ्या हातात काही नाही, त्या पार्टीकडून ‘होय’ घ्या, खूण निघेल.

मी काकांना म्हणालो, एक फोन करा. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

“ज्याला जेवू घातलं त्याच्याकडनं कबुली मागू व्हय? जाऊ दे नोकरी.”

असं म्हणणारा माणूस त्या आठवड्यात डबा न उघडता घरी न्यायचा.

शेवटी मीच धर्माबादला गेलो. मेसेज काकांनी पाठवला नाही, मशीन पाठवतं, हे शेठला पटायला वेळ लागला. वर नाव तर त्यांचंच होतं. शेठनी नुकतंच दुसऱ्या एका कंपनीचंही बियाणं ठेवलं होतं, त्या रागानं काकांनी असं केलं अशी त्यांची समजूत.

“मग त्यांनी मला फोन का न्हाई केला?” शेठ म्हणाले.

“तुम्ही का नाही केला?”

शेठनी फोन काढला. मेसेज परत मागवून घेतला, ‘होय’ दाबलं. लाल खूण गेली. काकांना कंपनीकडून आभाराचा मेसेज आला.

मला वाटलं, मिटलं. पुढच्या फेरीला मी काकांसोबत गेलो. शेठनी उठून खुर्ची दिली. घरच्यांची विचारपूस झाली, सोयाबीनचं बोलणं झालं, चहा आला. शेठ हसत म्हणाले, “घ्या पाव्हणं, आमच्याकडचा हाय. आमी मेसेज पाठवत न्हाई.”

काका हसले. मीही हसलो. चहा संपला तरी शेठनी घरी चला म्हटलं नाही, काकांनी खानावळीचं नाव काढलं नाही. मग गिऱ्हाईक आलं.

परतीच्या गाडीत मुदखेड आलं. काका म्हणाले, धर्माबाद तू घे, मी उदगीरची बाजू मागून घेतो. मी भडकलो. कंपनीविरुद्ध लिहू, हे मेसेज बंद करायला लावू म्हणालो.

“लिही की. पर आता माझ्यासंगं जेवायला बसला की त्याला त्यो फोन आठवणार. मलाबी आठवणार.”

मी लिहिलं. माझं पहिलं पत्रक ते. लोक जमले, भांडण झालं, कंपनीनं मेसेज बंद केले. ही बातमी सांगायला मी काकांना लातूरच्या स्टँडवर गाठलं. बरं झालं म्हणाले. मग शेठ कसे आहेत ते विचारलं. बरे आहेत, मी सांगितलं, दर खेपेला तुमचं विचारतात. एकदा फोन तरी करा.

“करतो,” काका म्हणाले, आणि उदगीरची गाडी लागली का ते बघायला उठले.