लाल पानांतली वाट

माझी मुलगी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करते, हे मी बरीच वर्षं नातेवाइकांना सांगितलं नव्हतं. आमचं घर शाकाहारी. ती जन्मली, वाढली ओहायोत. आता नोकरीसाठी स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर, जंगलाला लागून राहते. ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हाची ही गोष्ट.

सकाळी ती जंगलातून रिकाम्या हातांनी परत आली. चेहरा उतरलेला.

"लागला बाण, पण थोडा मागे," ती म्हणाली. बाण तिने सोबत आणला होता. त्यावरचं रक्त काळपट होतं. "हे लिव्हरचं आहे, आई. फुप्फुसाला लागलं असतं तर गुलाबी, फेसाळ दिसलं असतं."

"मग जा ना लगेच! शोध त्याला."

"नाही. आत्ता मागे गेले तर ते उठून पळेल, अजून हाल होतील. ते जवळच कुठेतरी बसलं असेल. बसू दे."

आभाळ भरून येत होतं. पाऊस आला तर रक्त धुऊन जाईल, हे मलाही कळत होतं. तिने दोनदा खिडकीबाहेर पाहिलं, मी केलेला उपमा खाल्ला आणि दुपारपर्यंत जागची हलली नाही. तिच्या जागी मी असते तर केव्हाच धावत सुटले असते.

निघताना मी म्हटलं, "मी येते."

"शुअर? बघवेल तुला?"

"बघू."

बाण लागला होता त्या जागेपासून तिने सुरुवात केली. "माझ्या मागे, वाटेच्या बाजूने चाल. रक्तावर पाय नको ठेवूस." जिथे थेंब दिसेल तिथे ती फांदीला टिश्यू पेपरचा तुकडा अडकवायची. मागे वळून पाहिलं की त्या पांढऱ्या तुकड्यांवरून हरिण कुठल्या दिशेने गेलं ते कळायचं. मेपलच्या पानांवर जागोजागी लाल ठिपके होते. मला प्रत्येक ठिपका रक्ताचा वाटे. ती बोट ओलं करून पुसून पाही. पुसलं गेलं तर रक्त, नाहीतर पानाचाच डाग. फक्त जमिनीवर नाही, गवताच्या पात्यांना बाजूने लागलेलं रक्तही ती वाकून शोधत होती.

ओढ्याच्या अलीकडे थेंब संपले. मी घाबरून इकडेतिकडे फिरायला लागले.

"आई, स्टॉप! तिथेच उभी राहा. शेवटच्या थेंबापाशी. प्लीज हलू नकोस."

मग माझ्याभोवती ती गोल गोल फिरायला लागली. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा मोठी. मधूनच गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटायची. पावसाचे बारीक थेंब पडायला लागले. मला वाटलं, आता सोडून देईल. तिने नुसती टोपी पुढे ओढली.

"मिळालं," ती हळूच म्हणाली. एका पडलेल्या खोडाच्या सालीवर रक्त घासलं गेलं होतं. खोडापलीकडे, नेच्यांत, हरिण निजल्यासारखं पडलं होतं.

ती मागच्या बाजूने गेली, लांब काठीने डोळ्याजवळ स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग तिने काठी टाकली, हातमोजा काढला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली. ती रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अजून चांगला नेम हवा होता," ती म्हणाली.

"पण तू सोडलं नाहीस त्याला," मी म्हटलं.

दोघींनी मिळून ते रस्त्यापर्यंत ओढत आणलं. भिजलो, दोनदा घसरले मी. मांस मी तेव्हाही खाल्लं नाही, आजही खात नाही.

घरी आल्यावर नागपूरला भावाला फोन केला आणि प्रथमच सगळं सांगून टाकलं. तो सारखा विचारत होता, हरिण केवढं होतं, शिंगं किती मोठी होती. मी मात्र त्याला सांगत राहिले, पोरगी भर पावसात गुडघ्यांवर बसून पानं कशी उलटत होती.