सिस्टरचा अबोला

सिस्टरने सासूशी अबोला धरलाय, ही बातमी साथीच्या दिवसांत गल्लीत घरोघर पोचली होती. कारण कुणी दागिने सांगे, कुणी डॉक्टर. डॉक्टरांच्या बाजूला गर्दी जास्त होती. मीही तिथेच होतो.

सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्याचा कणा. साथीत डॉक्टर फोनवरूनच औषधं सांगायचे. ड्रेसिंग, कान धुणं, सगळं बंद. ही मात्र औषधं द्यायला रोज दवाखान्यात. त्यामुळे म्हातारीला लागण नको म्हणून घरातही मास्क लावून वावरायची. सासू हळूहळू गप्पच झाली, आणि एक दिवस कायमची लेकीकडे जायला निघाली.

नेमकं त्याच आठवड्यात दवाखान्याचं आतलं दार पुन्हा उघडलं. कान धुण्यात सिस्टरचा हात धरणारं कुणी नाही. कोमट पाणी मनगटावर पाहणार, पिचकारी मारणार, मग पाठीमागे उभी राहून हळूच एका भाजीचं नाव घेणार. ओळखलं की सुटलात. मला "कारलं" म्हणाली.

"तोंड बघून भाजी ठरवता का?"

"नाही हो काका, स्वभाव बघून. उठा आता."

बाहेर येतो तर सासूबाई हजर. सोबत लेक, लेकीच्या हातात बॅग. जाण्याआधी बीपी बघायचं होतं.

"आई, हात पुढे करा," सिस्टर म्हणाली. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा भिंतच.

"बघितलंस वहिनी? आई इथेही तुझ्याशी बोलत नाही." लेकीचा आवाज असा की रस्त्यावरची रिक्षा थांबावी.

सिस्टरने बीपीचा पट्टा बाजूला ठेवला, बॅटरी घेतली आणि सासूच्या कानात डोकावली. मग दुसऱ्या कानात.

"वन्सं, बॅग खाली ठेवा."

दोन्ही कान धुऊन झाले. सिस्टर पाठीमागे उभी राहिली. आम्ही सगळे भाजीची वाट बघत होतो. ती मास्कमधूनच पुटपुटली, "आई, जाऊ नका."

"मग ओरडतेस कशाला?" सासूबाई वळल्या. "इतके दिवस तोंड झाकून नुसती फिरत होतीस. मला वाटलं, रागावलीस."

"रोज बोलत होते, आई."

"ओठ दिसत होते का मला?"

आईची बॅग तिथेच ठेवून लेक एकटीच परत गेली. डॉक्टरांच्या बाजूचे आम्ही जरा हिरमुसलोच.

भांडण झालंच नव्हतं. सासूबाईंच्या कानांत मळ होता.